खांबवाले भूपालअण्णा

दुकानात पाऊल टाकायच्या आधीच भूपालअण्णा मगदूम यांनी आमची पाटी वाकडी असल्याचं जाहीर केलं. रस्त्यावर उभे, खांद्याला पिशवी, मान जराशी कलती. मला आतून वाटलं, पत्ता शोधतायत बिचारे.

“ओ बाई,” ते तिथूनच ओरडले, “पाटी कुणी लावली ही?”

“का? काय झालं?”

“डाव्या अंगाला बोटभर उतरलीया. डिश बसवणाऱ्यांचंच दुकान हाय न्हवं हे? मग झालंच की.”

पाटी मी लावून घेतली होती. शिडीखाली उभी राहून ‘जरा वर, जरा खाली’ असं मीच सांगितलं होतं. त्यामुळे हा माणूस मला पहिल्या मिनिटापासून आवडला नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. आपण कुणाला आवडावं ही हौस त्यांना नव्हती.

किरणशेठचं हे दुकान कोल्हापुरात स्टँडच्या मागच्या गल्लीत. घरोघरी टीव्हीच्या डिश बसवून द्यायच्या, हा धंदा. मी तिथं फोन घ्यायची आणि तक्रारी वहीत उतरवायची, आणि तक्रारींना तोटा नव्हता. आमचे फिटर मोटारसायकलवरून जात, गच्चीच्या कठड्याला तीन स्क्रू मारत, वायर कपड्यांच्या दोरीवरून घरात घेत आणि टीव्हीत चित्र दिसतंय तोवर पाठ फिरवत. वळवाचं वारं सुटलं की जिल्हाभरच्या डिश सूर्यफुलासारख्या माना फिरवत आणि फोन माझ्या कानाला. किरणशेठचं म्हणणं असं, की तक्रार करणारं गिऱ्हाईक आपलं असतं. न करणारं दुसऱ्याकडे गेलेलं असतं. एवढं तत्त्वज्ञान जवळ असल्यावर चौथा स्क्रू मारायचा कशाला?

अण्णा शिरोळ तालुक्यातले, कृष्णाकाठचे. एका साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेले. घरी थोडा ऊस, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. बसून राहणं जमेना म्हणून आमच्याकडे आले. शेठनं त्यांना ठेवून घेतलं, कारण त्या आठवड्यात दोन फिटर सोडून गेले होते. पारख वगैरे काही नाही.

पहिल्याच दिवशी शेठनं त्यांना कोपऱ्यातले पाईप दाखवले. अण्णांनी एक उचलला, गुडघ्यावर आडवा धरून जरासा दाबला आणि परत ठेवला.

“ह्येला पाईप म्हणायचं का उदबत्ती?”

“अण्णा, सगळीकडं हाच चालतोय.”

“त्येच सांगतोय मी. खांबानं चालायचं नसतंय, उभं ऱ्हायचं असतंय.”

छपरावर डिश लावणं त्यांना मान्यच नव्हतं. खेड्यातल्या घरांवर पत्रा, नाहीतर कौलं. पत्रा वाऱ्यानं थरथरतो आणि त्याच्याबरोबर डिशही. कौलांवर चढलेला फिटर दहा कौलं फोडून उतरतो आणि पुढं चार महिने घर गळतं. म्हणून अण्णांचा खांब जमिनीत. आधी अंगणात फिरून आग्नेयेकडचं, म्हणजे उपग्रहाच्या बाजूचं, आभाळ मोकळं आहे अशी जागा शोधायची. मग अडीच फूट खड्डा. तळाला खडीचा थर, म्हणजे पाणी साचून पाईप गंजत नाही. पाईपच्या खालच्या टोकाला आडवी सळई जोडलेली, म्हणजे खांब वाऱ्यानं जागच्या जागी फिरत नाही. मग काँक्रीट, आणि ते ओलं असतानाच खांब चहूबाजूंनी सरळ करायचा. त्यासाठी त्यांच्याकडे एक पितळी ओळंबा होता, भोवऱ्यासारखा, धुतलेल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेला. तो दोऱ्याला लटकवून ते एक डोळा मिटत, तेव्हा घरातली माणसंही नकळत गप्प होत.

आणि एवढं झालं की अण्णा हात धुऊन चालू लागत. डिश परवा. काँक्रीटला दोन दिवस द्यायचे.

“परवा?” गिऱ्हाईक किंचाळायचं. “अहो, आज म्याच हाय!”

“मग शेजाऱ्याकडं जाऊन बघा. सिमिटाला म्याच कळत न्हाय.”

लगेच मला फोन. “तुमचा म्हातारा नुस्ता पाईप रोवून पळाला की ओ बाई!” मी त्यांना समजवायची, शेठ अण्णांना समजवायचे.

“बाकीचे दिवसाला पाच डिश लावतात, अण्णा.”

“व्हय. आन दुसऱ्या दिवशी त्यातल्या तीन दुरुस्त करत्यात. मला हिशेब शिकवू नगा.”

सांगायला मला जड जातं, पण अण्णांच्या खांबाची तक्रार माझ्या वहीत कधी आली नाही. मी मुद्दाम शोधायची.

त्यांच्या तोंडातून मात्र कुणी सुटत नव्हतं. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. “लग्नाला उभं ऱ्हायलास तवा बायकू बी अंदाजेच बघितलीतीस काय रं?” असं त्यांनी एका फिटरला भर दुकानात विचारलं. माझ्या वहीतल्या ओळी उतरत्या जातात हे मला तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यादेखत वही मिटली. गावोगावी ज्या घरी जात तिथला जिना, खिडकी, तुळशीचा कट्टा यांतलं काय काय वाकडं आहे ते सांगून येत. त्यांना एकदा चहा दिलेलं गाव असेल, पण त्यांना चहाला पुन्हा बोलावणारं गाव मला माहीत नाही.

एकदा मात्र मी त्यांना खड्डा खणताना पाहिलं आणि गोंधळले. टिकाव थांबवून ते खाली वाकले, मातीतून एक गांडूळ दोन बोटांनी अलगद उचललं आणि लांब, ओल्या सावलीत नेऊन ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. घरमालक घड्याळ बघत उभा.

“अण्णा, गांडुळंच वेचणार काय आज?”

“ह्येंनी कुणाचं वाकडं केलेलं न्हाय,” अण्णा वर न बघता म्हणाले. “तुमच्या घरातलं असं एक माणूस दावा.”

ते जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं. काम कुणाचंही असो, ऊन उतरायला लागलं की ते गिऱ्हाईकाच्याच पायरीवर डबा उघडत. जिवाला जपणं त्यांच्या घरात पिढ्यांपासून होतं. फक्त त्यांच्या हिशेबात माणूस हा जीव धरलेला नसावा.

*

एका साखर कारखान्याच्या संचालकांनी नवा बंगला बांधला. पुढं हिरवळ, हिरवळीत कारंजं, कारंज्यात सिमेंटचा बगळा. साहेबांना डिश गच्चीवर नको होती, बंगल्याची शोभा जाते म्हणून. हिरवळीच्या कडेला खांबावर हवी होती. दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा अंतिम सामना, आणि तो बघायला निम्मा तालुका बोलावलेला. काम जमिनीतल्या खांबाचं, म्हणजे अण्णांचंच. बाईमाणूस बरोबर असलं की अण्णांचं तोंड आवरेल, असं वाटून शेठनं मलाही त्यांच्यासोबत पाठवलं. शेठची माणसांची पारख मी वर सांगितलीच आहे.

दुपारपर्यंत खांब उभा राहिला. अण्णांनी ओळंबा रुमालात बांधला. साहेब बाहेर आले.

“आता डिश चढवा.”

“परवा.”

साहेब हसले. त्यांच्या मागं उभी चार माणसंही हसली, कारण साहेब हसले होते. “तुम्हाला ठाऊक नसंल, पावणं. उद्या आमच्याकडं मोठमोठी माणसं येणार आहेत.”

“येऊ द्यात की. बगळा दावा त्यास्नी.”

मी अण्णांची बाही ओढली. काही उपयोग झाला नाही. साहेबांचा आवाज चढला, अण्णांचा होता तसाच राहिला. शेवटी साहेबांनी आमच्यासमोरच दुसऱ्या दुकानात फोन लावला आणि आम्हाला फाटक दाखवलं. येताना एसटीत अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी बोलले. बरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा स्वतःचा फोन आला. दुसऱ्या फिटरनं ओल्या काँक्रीटमधल्या खांबावरच डिश चढवली होती. दुपारी वारं सुटलं, डिशला शिडासारखं भरलं, आणि खांब हळूहळू बगळ्याकडे कलला. चित्र गेलं ते ऐन सामन्यात. निम्मा तालुका निळ्या पडद्याकडे बघत बसलेला. “त्या म्हाताऱ्याला गाडी पाठवतो,” साहेब म्हणाले. आवाजात कालचा साहेब नव्हता.

अण्णा गेले. मीही गेले, मला बघायचंच होतं. अण्णांनी खांबाला हात लावला नाही. भोवती एक फेरी मारली आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “खांब मालकावर गेलाय. दिसायला जाडजूड, पन वारं येईल तिकडं.”

कुणी हसलं नाही. मी पदर तोंडाला लावला. साहेबांनी त्या क्षणी आमचं दुकान कायमचं सोडलं, आणि अण्णा भर उन्हात दीड मैल चालत फाट्यावर आले, कारण गाडी फक्त आणायला पाठवलेली होती. सोबत मीही चालले. चप्पल तुटली. “चपलेला तिसरा टाका घातला असता तर तुटली नसती,” एवढंच ते मला म्हणाले.

*

गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका गावातून एका म्हातारीचा मला रोज फोन यायचा. सगळे तिला अव्वा म्हणत. तिकडं कर्नाटक जवळ, बोलणं अर्धं कानडी. कंबरेचं हाड मोडून ती वर्षभर अंथरुणाला होती आणि पडल्या पडल्या कानडी मालिका बघणं एवढंच तिला उरलं होतं.

“ए बाई, चित्र न्हाय. निस्ता पाऊस पडतोय टीव्हीत. त्या पोरीचं लगीन झालं का न्हाय मला कसं कळणार?”

आमचे तीन फिटर जाऊन आले. तिघांचं उत्तर एकच: घराच्या आग्नेयेला चिंचेचं अवाढव्य झाड, सिग्नल मिळणं शक्य नाही. झाड देवाचं, फांदीही तोडता येत नव्हती. अव्वा ज्या थोरल्या मुलाकडं राहत होती, त्या शिवगोंडानं हात टेकले होते. शेवटी अण्णा गेले.

पुढचं मला अव्वानंच फोनवर सांगितलं, आणि तिनं काही गाळलं असेल असं मला वाटत नाही. अण्णांनी अख्खं अंगण पायाखाली घातलं. मग शेजारच्या भिंतीवरून पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “चिंच चुकवायची तर जागा एकच. त्या अंगणात.”

पलीकडचं अंगण धाकट्या मुलाचं, रायगोंडाचं. वाटणीत मधे भिंत आली, आणि भिंत कुणाच्या जागेत या वादावर दोघं भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई मरायला टेकलेली असताना भिंतीच्या जाडीवर भांडणाऱ्या माणसांना काय म्हणायचं, ते मी अण्णांवर सोडते.

अण्णा सरळ पलीकडे गेले आणि रायगोंडाला सांगितलं.

“त्याचा खांब माझ्या जाग्यात?” रायगोंडा उसळला. “मेलो तरी न्हाय.”

“त्याचा कुटला? तुझ्या आईचा हाय.”

“ती त्याच्याकडं ऱ्हाती.”

“मग वाटणीत आईबी त्याला लिवून दिलीस व्हय? कागद दाव. कागद असंल तर मी आत्ता जातो.”

तेवढ्यात त्याची बायको दारात आली. “लावा वो अण्णा खांब तुमी. ह्येंच्याकडं मी बघतो.” आमच्या भागात बायकाही ‘बघतो’च म्हणतात.

आणि अण्णांनी खांब लावला. दोन दिवस वाट बघून डिश चढवली. वायर न्यायला भिंतीत दोन विटांएवढं भोक पाडलं. ते पाडताना शिवगोंडा अलीकडे उभा, रायगोंडा पलीकडे उभा, आणि मधून अण्णा दोघांनाही छिन्नी नीट न धरल्याबद्दल शिव्या देत होते, असं अव्वा म्हणाली. ते सांगताना ती इतकी हसली, की मला तिच्या कंबरेची काळजी वाटली.

भाऊ त्यानंतर बोलायला लागले वगैरे काही झालं नाही. पण धाकट्याची बायको रोज त्या खांबाच्या निमित्तानं अंगणातून हाक मारायची, “अव्वा, दिसतंय का गं?” आणि अव्वा इकडून ओरडायची, “दिसतंय!” मला फोन येणं बंद झालं. सुरुवातीला मला चुकल्यासारखं वाटायचं.

मी हे अण्णांना सांगितलं. वाटलं, माणूस आहे, सुखावेल.

“भिताड बी वाकडंच हाय त्यांचं,” ते म्हणाले. “सहा वर्सं भांडले, पन येकानं ओळंबा धरला न्हाय.”

*

आता जे सांगायचं ते मला सांगावंसं वाटत नाही. इतकी वर्षं मी मनात म्हणत होते, या माणसाचं एकदा तरी चुकू दे. एकदाच. आणि मला ते बघायला मिळू दे.

त्या वर्षी पावसानं धरून ठेवलं. कृष्णा चढत होती. अण्णांच्या गल्लीत सात घरं, नदीकडच्या उताराला. अण्णांच्या अंगणाच्या नदीकडच्या, खालच्या कडेला त्यांच्या स्वतःच्या डिशचा खांब होता आणि त्यावर त्यांनी आधीच्या पुरांच्या खुणा कोरून ठेवल्या होत्या. मी कामाच्या निमित्तानं फोन केला आणि विचारलं, “अण्णा, पाणी?”

“तासाला येक बोट चढतंय. वरनं धरणातनं सोडलेलं पाणी दुपारपतूर उतरंल. खांबाच्या अलीकडं गल्लीत येत न्हाय. मोजलंय म्या.”

गल्लीतले लोक तोवर जनावरं सोडून उंचावरच्या शाळेकडे नेऊ लागले होते. अण्णा खांबापाशी उभे राहून एकेकाची टर उडवत होते. “पळा! पाणी बघितलं की पळायचं, आन उतरलं की फोटू काढाय यायचं!” सगळ्यांनी ऐकलं आणि तरीही गेले, कारण लोकांना अण्णांची सवय होती.

एक हौसाक्का थांबली. अण्णांची शेजारीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. गोठ्यात दोन म्हशी, एक दुभती आणि एक गाभण. त्यांच्यावरच तिचं घर चालायचं. ती अण्णांकडे आली. “अण्णा, सोडू का म्हसरं? शाळंकडं न्ह्यायला दोगं जण तयार हायती.”

“बांधलेली ऱ्हाऊ दे. गाभण म्हस चिखलातनं पळवतीस? पाणी तुझ्या उंबऱ्याला शिवत न्हाय. मी सांगतोय न्हवं?”

अण्णांचं मोजणं कधी चुकलेलं नव्हतं. तिनं म्हशी बांधलेल्याच ठेवल्या.

अण्णांनी वरून येणारं पाणी मोजलं होतं. पण त्या वर्षी खाली, नृसिंहवाडीच्या संगमापुढं पाणी तुंबलं होतं आणि ते मागं फुगत आलं. दुपारी ते उतरलं नाही. एकदम चढलं, बोटाबोटानं चढणं सोडून हाताहातानं. तासाभरात गल्लीत छातीइतकं. बचावपथकाची बोट आली तेव्हा हौसाक्का, अण्णा आणि त्यांची बायको अण्णांच्या माळ्यावर होते. तिघांना बोटीत घेतलं. हौसाक्का गोठ्याकडे हात करून ओरडत होती. अण्णा बोटीतून पाण्यात उतरले आणि गोठ्याकडे चालायला लागले. पाणी गळ्यापर्यंत आलं, पाय सुटले. बोटवाल्यांनी त्यांना मागून गचांडी धरून ओढून घेतलं. त्यांच्या हातात विळा होता, दावं कापायला घेतलेला.

म्हशींचं ओरडणं बोटीत ऐकू येत होतं. मग यायचं थांबलं.

हे मला वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं सांगितलं. पाणी उतरल्यावर दुकानातून चादरी आणि भांडी घेऊन आम्ही त्यांच्या गावात गेलो होतो. गल्लीभर गुडघाभर गाळ आणि कुबट वास. अण्णांचा खांब ताठ उभा होता, केसभरही न हललेला. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबला आणि म्हणाला, “अण्णा, मोजा की आता. किती बोटं आलतं पाणी?” दुसरा हसला. ज्यांना अण्णांनी इतकी वर्षं ऐकवलं होतं, त्या सगळ्यांची त्या दिवशी पाळी होती, आणि कुणी ती सोडली नाही. माणसं अशा वेळी फार वक्तशीर असतात.

अण्णा पहार घेऊन खांबाच्या बुडाशी खणत होते. मी हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही. वहिनी म्हणाल्या, दोन दिवस हेच चाललंय. अडीच फूट खोल, आडवी सळई घातलेला खांब. तो निघू नये असाच तर बसवला होता. त्या तिसऱ्या दिवशी, आमच्यादेखत, तो त्यांनी काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटून काढला आणि खड्डा बुजवला.

हौसाक्का तेव्हा दारात बसून होती. अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. माफी कशी मागायची ते त्यांना येत नव्हतं. आयुष्यभरात कधी लागलंच नव्हतं. ती त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाली, “मी सोडू का म्हणून इचारलंतं, अण्णा.”

मला माझं बघायला मिळालं होतं. मी एसटीत कोल्हापूर येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसले.

*

अण्णा दुकानात पुन्हा आले नाहीत. शेठनं एकदा मला फोन करायला लावला. “आता माझ्यानं न्हाय व्हायचं, बाई,” ते म्हणाले. बाई म्हणताना त्यांनी पहिल्यांदाच टोमणा मारला नाही आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही. पुढं धंदाही बसला. लोक मोबाईलवरच सगळं बघायला लागले. डिश कबुतरं बसायच्या कामाला राहिल्या. किरणशेठ आता दारावर लावायचे कॅमेरे विकतात. तेही तीनच स्क्रूवर.

गेल्या वर्षी नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले होते. परतताना राहवलं नाही म्हणून वाटेत अण्णांच्या गावी उतरले. त्यांच्या घराला कडी होती. वहिनी मुलीकडं गेल्या होत्या, समोरच्या घरातल्या बाईनं सांगितलं, आणि अण्णा कुठं असतील ते बोटानं दाखवलं.

हौसाक्काचा गोठा नव्यानं बांधलेला होता. त्यात एकच म्हैस, तरणी, अंगानं भरलेली. अण्णा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्याकडे निघाले होते. फार वाळले होते. मला पाहून थांबले, मान हलवली आणि तसेच पुढं गेले.

“बसा, बाई,” हौसाक्का म्हणाली. ती उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. “ही म्हस त्यांनीच आणून बांधली. मी घेत नव्हतो. मग रोज येऊन नुस्तंच हुबं ऱ्हायाय लागलं दारात. शेवटी म्हणलं, बांधा. तवापासनं वैरण, पाणी, शेण, धारंला बसणं, समदं त्येच करत्यात. मी काय बोलत न्हाय. बोललो तर शिव्याच देतो.”

“आणि ते?”

“ऐकून घेत्यात.” तिनं गोठ्याकडे पाहून आवाज चढवला. “ऐकून न्हाई घेतलं तर जातील कुटं?”

अण्णा रिकामी पाटी घेऊन परत आले. पाटी भिंतीला टेकवली, हौदावर हातपाय धुतले. मी विचारलं, “कसे आहात अण्णा?” “हाय,” ते म्हणाले. मी दुकानाचं काहीबाही सांगितलं. शेठचे कॅमेरे, नवे फिटर. त्यांनी नीट ऐकून घेतलं. या माणसानं याआधी कधी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. मधे एकदाही त्यांनी माझी चूक काढली नाही, आणि मी वाट बघत होते.

म्हशीला नदीवर न्यायची वेळ झाली होती. ती खुंट्याभोवती चुळबुळत होती, दावं ताणत होती. अण्णा तिच्याजवळ गेले. गाठीपाशी हात नेला आणि तिथंच थांबवला. मग वळून उंबऱ्याकडे पाहिलं.

“आक्का,” ते म्हणाले, “सोडू का हिला?”

हौसाक्कानं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं, पायावरची माशी हाकलली, रस्त्यानं चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरकडे तो वळणापलीकडे जाईपर्यंत पाहिलं. तेवढा वेळ अण्णा गाठीला बोट न लावता उभे राहिले.

“सोडा,” ती म्हणाली.

मग त्यांनी गाठ सोडली.